दोन वर्षांची अट

आईचा आरोग्य विमा काढला, तेव्हा बाळाला भरवता भरवताच मी तिला समजावलं होतं, "आई, मोठ्या आजाराचा खर्च दोन वर्षांनंतरच मिळतो हं."

"कळलं गं बाई. कुक्कुलं बाळ आहे का मी?"

परवा दोन वर्षं पूर्ण झाली. आज तिने माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. बोटांना कडक गाठ लागली.

"कधीपासून आहे ही?"

"झालं की वर्ष. दोन वर्षं भरेपर्यंत दम धरला. जावईबापूंना उगाच भुर्दंड नको. शहाणी की नाही तुझी आई?"

ती अट फक्त विम्याआधीच्या आजारांना होती. नव्या आजाराला थांबावं लागत नाही, हे तेव्हा घाईत सांगायचं राहून गेलं.

आज सांगवेना.