सैल झाकण

"हल्ली बियरमधी दमच ऱ्हायला न्हाय," बब्रुवान पेल्यात बघत पुटपुटला. "नुसतं कडू पाणी."

गफारनं त्याला कोपरानं ढोसलं. गफार स्वतः पीत नाही, सोबतीला सोडा घेतो. त्याचा सोडाही गेले कित्येक रविवार मेलेलाच असतो. पण तो चवीनं घोट घेत होता.

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या द्वारकाबाईनं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. हे तिला आता छान जमतं.

तिचा नवरा नागप्पा साखर कारखान्यात बायलरचा फिटर होता. रविवारी दोस्त जमले की बाटल्या उघडायच्या त्यानंच. पान्ह्याची कड झाकणाच्या दात्यांखाली, एक हिसका, की झाकण अंगणात. पोळ्याच्या सुमाराला त्याला लकवा झाला. जीभ सुधारली, पाय सुधारला. उजवा हात मात्र कुणी सांभाळायला दिल्यासारखा त्याच्या मांडीवर पडून राहिला.

दोस्त पुन्हा यायला लागले, तेव्हा पहिल्याच रविवारी त्यानं पान्हा मागितला. "बाटल्या आणते" म्हणून द्वारकाबाई आत गेली. उलथन्यानं एकेका झाकणाचे दाते उचकटले आणि वरून तळव्यानं दाबून ठेवले. बाहेर नागप्पानं डाव्या हातानं पान्हा लावला, झाकण उडालं. "आला की वस्तादांचा हात!" सगळे ओरडले. तेव्हापासून दर रविवारी तेच. आयुष्यात एक उपास धड न केलेल्या बाईला हे एवढं व्रत लागलं. गॅस स्वयंपाकघरातच निघून जायचा, पेल्यात फेस यायचा नाही, आणि त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

आज बब्रुवाननं पिशवीतून वाईनची बाटली काढली. "जावयानं आणलीया. वस्ताद, होऊ द्या तुमच्या हातानं."

"गार करून आणते," म्हणत द्वारकाबाईनं ती उचलली. आत जाऊन वरचं वेष्टण सोललं. झाकण नव्हतं. दाते नव्हते. बाटलीच्या गळ्यात एक बूच होतं, काचेच्या बरोबरीनं आत ठोकलेलं. उलथनं घालायला फटसुद्धा नव्हती. तिनं नखानं टोकरून बघितलं. मग ती ओट्याला टेकून नुसती उभी राहिली. आतापर्यंत आपण किती दमलोय, हे तिला तेव्हा कळलं.

"अगं, आणतीस का न्हाय?"

तिनं बाटली आणून त्याच्यापुढं ठेवली.

नागप्पानं ती गुडघ्यांत धरली. हत्यारांच्या डब्यातला एक लांब स्क्रू डाव्या हातानं बुचात पिळत नेला. स्क्रूला पक्कड लावली आणि ओढली. बाटलीच वर आली. त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून बाटलीच्या गळ्यावर ठेवला. तो घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. त्याच्या कपाळावर घाम आला.

"बूच फुगलंय, वस्ताद," बब्रुवान घाईनं म्हणाला. "जावई माझा असाच, काय बी उचलून आणतो."

"हवा बी दमट है आज," गफार म्हणाला. "छोडो ना भाई, चहा घेऊ."

"स्क्रूच आखूड पडतोय," द्वारकाबाई म्हणाली.

नागप्पानं पक्कड खाली ठेवली. तिघांकडं एकेक करून बघितलं.

"जिंदगी बायलरवर गेली माझी," तो म्हणाला. "दाब कुठं कोंडलाय न् कुठं सुटलाय, मला कळत न्हाय व्हय? पहिल्या बाटलीला फुस्स झालं न्हाय, तवाच समजलं, कुणीतरी आधीच उघडलीया."

द्वारकाबाईनं पदर तोंडाशी नेला. "मग बोलला का न्हाईत?"

"मला लकवा झाल्यावर त्या दिवशी तू पहिल्यांदा हसलीस. मग दर रविवारी हसायचीस."

गफारनं सोड्याचा पेला खाली ठेवला.

"हात गेला, द्वारका," नागप्पा म्हणाला. "त्यो आता यायचा न्हाय. तू आता दमू नगंस."