फिरती ढाल

"मॅडम, आपल्या अभिनय पुरस्काराच्या पहिल्या वर्षीच्या विजेतीची नोंदच सापडत नाही. तुमच्याकडचं बक्षीस दाखवता येईल का?" वाहिनीतल्या मुलीनं फोनवर विचारलं, तशी माणिकताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बक्षीस कुठून दाखवणार? तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीला फिरती ढाल मिळायची. वर्षभर घरी मिरवायची नि पुढचीच्या हातात द्यायची. ताईंनी ती घासूनपुसून परत केली होती.

त्या तडक वाहिनीच्या कचेरीत गेल्या. ढाल साहेबांच्या पाठीमागे टांगलेली होती. तिच्यावर कोरलेल्या विजेत्यांपैकी वरच्या नावांवर प्रायोजकाच्या साबणाचं स्टिकर.

"पुरस्काराचा रौप्यमहोत्सव आहे, पाहुण्या म्हणून नक्की या," साहेब म्हणाले.

खुर्चीवर चढून ताईंनी नखानं स्टिकर खरवडलं. खाली पहिलंच नाव त्यांचं निघालं.

"पाहुणी कुणाला म्हणता? वाचा. मोठ्यानं वाचा."