जेवताना बोलायची भाषा

वेन्ला स्वयंपाकघराच्या दारात आली आणि आतलं हसू थांबलं.

"ये, बस. आज शाळेत काय काय झालं?" निदियामावशीने विचारलं. एकेक शब्द सुटा करून, बालवाडीतल्या बाई बोलतात तसं स्वच्छ स्पॅनिश. तिची मुलगी लीस वेन्लाच्याच वर्गात होती. तीही गंभीर चेहरा करून पाणी ओतू लागली. ब्लासिदाआजीने मान खाली घातली आणि उकडलेल्या कसावाच्या कंदाचा तुकडा बोटांनी मोडत राहिली. हे रोजचंच होतं.

वेन्ला एका संस्थेमार्फत फिनलंडहून पॅराग्वेतल्या या गावी, वर्षभर निदियामावशीकडे राहून स्पॅनिश शिकायला आली होती. ऑगस्टमध्ये आली तेव्हा तिला दुकानात साबण मागता येत नव्हता. आता इतिहासाच्या तासाला ती उभी राहून उत्तर द्यायची आणि बाई मान डोलवायच्या. भाषेबद्दल तक्रारीला जागा नव्हती. तक्रार वेगळीच होती. मधल्या सुट्टीत मुलं झाडाखाली गोल करून बसत, तेरेरेचा, म्हणजे पाल्याच्या थंडगार चहाचा, पेला हातोहात फिरे, हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत. वेन्ला जवळ गेली की हसणं विरून जाई. कुणीतरी घसा साफ करून विचारी, "तुमच्याकडे बर्फ किती पडतं?" बर्फाबद्दल माणसाने सांगून सांगून किती सांगायचं?

घरीही तेच. आजी तर आजवर तिच्याशी धड एक वाक्य बोलली नव्हती. आपण यांना नको आहोत, एवढं तिला पुरतं कळलं होतं. लीसला न सांगता तिने संस्थेच्या बाईंना फोन केला. बाई शनिवारी येणार होत्या. दुसरं घर बघू म्हणाल्या होत्या.

शुक्रवारी शेवटचा तास झाला नाही. लीस खेळायला थांबली. वेन्ला एकटीच मागच्या गल्लीने घरी आली आणि कुंपणाच्या दाराशी थबकली.

अंगणात आंब्याखाली कुणीतरी गोष्ट सांगत होतं. आवाज खणखणीत, मध्येच बारीक होणारा, मध्येच कोंबडीसारखा फडफडणारा. निदियामावशी पोट धरून हसत होती. वेन्लाने पानांतून पाहिलं. बोलत होती ती ब्लासिदाआजी. हातवारे करत, कुणाची तरी चाल करून दाखवत.

वेन्लाने कान दिला. एक शब्द कळेना. इतके महिने पाठ केलेलं सगळं गेलं कुठे? मग हळूहळू तिला नवल वाटू लागलं. शब्द नाकातून निघत होते, घशात अडून पुढे सरकत होते. हे स्पॅनिश नव्हतंच, ही इथली मूळ भाषा ग्वारानी असणार. शाळेत ग्वारानीच्या तासाला तिला वाचनालयात पाठवत. एखादी जुनी, पुस्तकातली भाषा असेल, असंच ती धरून चालली होती. आणि सुट्टीतलं ते हसणं? तेही याच भाषेतलं की काय?

ती दार ढकलून आत गेली. आजी गप्प झाली.

"अगं, लवकर आलीस," मावशी स्पॅनिशमध्ये म्हणाली.

"आजी काय सांगत होती?"

"काही नाही गं. शेजारच्या म्हाताऱ्याच्या गमती."

"मग मी आल्यावर थांबता का?"

मावशी अवघडली. "संस्थेच्या बाईंनीच बजावलं होतं. पोरगी स्पॅनिश शिकायला येतेय, तिच्यासमोर दुसरं काही बोलू नका, नाहीतर तिचं वर्ष फुकट जाईल. शाळेतही तेच सांगून ठेवलंय."

वेन्ला आजीसमोर मातीतच बसली आणि पाण्याच्या सुरईकडे बोट दाखवलं. "आजी, याला काय म्हणता?"

आजीला प्रश्न बोटावरून कळला. तिने पाण्यासाठी एक शब्द उच्चारला. शब्द कसला, नुसता एक स्वर, दातामागे दाबून धरलेला. वेन्लाने म्हणून पाहिला. आजीने मान हलवली. वेन्लाने पुन्हा म्हटला. आजीने तिची हनुवटी धरली, स्वतःचे ओठ ताणून दाखवले. पुढच्या खेपेला वेन्लाच्या तोंडून जे निघालं ते ऐकून आजीने पदरासारखं एप्रन तोंडावर ओढलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. लीस घरी आली तेव्हा वेन्ला आंबा, कोंबडी आणि जावई हे शब्द शिकलेली होती.

शनिवारी संस्थेच्या बाई जेवायच्या वेळेलाच आल्या. "हं, वेन्ला," त्या म्हणाल्या, "घर बदलायचं म्हणत होतीस."

मावशीच्या हातातला डाव थांबला. लीस वेन्लाकडे बघतच राहिली.

"आता नाही बदलायचं," वेन्ला म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "पण जेवताना सगळ्यांनी ग्वारानीत बोलायला हवं. स्पॅनिश मी शाळेत शिकेन."

बाईंना हे पटलेलं दिसलं नाही. त्यांनी ब्लासिदाआजीकडे वळून मोठ्याने विचारलं, "आणि आजी, तुमचं काय म्हणणं? ठेवून घ्यायचं का पोरीला?"

लीसने प्रश्न ग्वारानीत सांगितला. आजीने घास गिळला, हात पुसले आणि शांतपणे आपल्या भाषेत बरंच काही बोलली. बाई खाली बघू लागल्या. मावशी उठून उगाच चुलीशी गेली.

"काय म्हणाली?" वेन्लाने लीसला विचारलं.

लीसने आधी आजीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणते, राहू दे पोरीला. मला स्पॅनिश बोलता येत नाही, म्हणून इतके महिने मीच या घरात पाहुण्यासारखी जेवले."