जलपर्णीखाली

एका चौरस मीटरच्या चौकटीत जलपर्णीची एकोणचाळीस रोपं होती. ती किती वेगानं पसरते, ते मी मोजत होते.

"मोजून काय बारसं करनार हाय का त्यांचं?" चिमाकाकूंनी विचारलं. होडीच्या वल्ह्यापाशी बसलेले त्यांचे नवरे खंडूकाका हसले.

निघताना नांगराच्या दगडाची दोरी धरणात बुडालेल्या बाभळीत अडकली. "आत्ता सोडवतो," म्हणत काकांनी बुडी मारली. दोरी सैल झाली, आणि त्याच वेळी वारा फिरला. मोकळी झालेली होडी वाऱ्यानं लांब ढकलली. मागोमाग जलपर्णी सरकत आली आणि होडीभोवती सगळं पाणी झाकलं गेलं. काकांनी बुडी मारलेली जागा मला ओळखूच येईना.

"काका!" मी किंचाळले.

"पान्याखाली हाक ऐकू येती व्हय? फळी बडव!" जाळ्याकडे मासे हाकताना ठोकतात तशी काकूंनी वल्ह्यानं होडी ठोकायला घेतली. मी मुठींनी ठोकत राहिले. "हितं हाय मी! या की वो!" काकूंचा आवाज फाटला. हिरव्या पानांत काहीच हललं नाही.

मग होडीच्या टोकापाशी पानं उचलली गेली आणि काळ्या मुळांतून एक हात वर आला. आम्ही दोघींनी तो धरून ओढला. काका होडीत पालथे पडून खोकत होते. काकू रडत, शिव्या देत त्यांच्या गळ्याभोवतीची मुळं तोडत होत्या.

काका वर आले तिथलं पाणी पुन्हा झाकायला जलपर्णीला नऊ सेकंद लागले.