शेवाळाचं विरजण

खंडेनवमी म्हणून हौसाक्कांनी दूध डेअरीची मागची टाकीसुद्धा काथ्यानं घासून लख्ख केली.

डेअरीच्या इंजिनीअर अस्मिता मॅडम आल्या आणि टाकीपाशी मटकन बसल्या. "आक्का, ते शेवाळ मी मुद्दाम वाढवलं होतं! डेअरीचं सांडपाणी तेच शुद्ध करतं. त्याशिवाय ओढा कसा निवळायचा?"

त्या ओढ्याचं पाणी हौसाक्का लहानपणी ओंजळीनं प्यायच्या. आता तिथं नाक धरावं लागे.

त्या ओशाळून म्हणाल्या, "पाइपाखाली थोडं राहिलंय बघा. गुडघ्यानं वाकूच दिलं नाही."

मॅडमनी वाकून पाहिलं. तळहाताएवढं हिरवं शिल्लक होतं. "धन्य तो गुडघा!" त्या हसल्या. "एवढं विरजण पुरे."

पुढच्या खंडेनवमीला हौसाक्कांनी काथ्या लांबच ठेवला. हिरव्यागार टाकीला झेंडूची माळ घातली आणि त्या ओढ्यात पाय सोडून बसल्या. कितीतरी वर्षांनी पाण्यातून जोडवी दिसत होती.