रजिस्टराबाहेरचे एक नाव

पडद्यावर सात गरोदर स्त्रिया दिसत होत्या. कलाबाईंच्या रजिस्टरात मात्र सहाच होत्या.

पारोळ्याजवळच्या त्या आरोग्य उपकेंद्रात सगळ्यांनी दोन्ही याद्या पुन्हा मोजल्या. जळगावच्या मेहरूणचा श्रेयांस हाती टॅबलेट घेऊन उभा होता. आरोग्य खात्याने आपल्या नोंदींचे दालन बाहेरच्या तंत्रज्ञांसाठी खुले केले, त्या दिवसापासून तो या एकाच ॲपसाठी झटत होता. तपासणी कोणत्याही शहरात होवो, तिची नोंद त्या स्त्रीच्या गावच्या आशाताईंपर्यंत आपोआप पोहोचावी, ही त्याची कल्पना. आज तिची परीक्षा होती. एक जरी नोंद खोटी निघाली, तरी हा प्रयोग येथेच थांबेल, असे समोर बसलेल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी प्रारंभीच बजावले होते.

सातव्या नोंदीत नाव झाकलेले होते. केवळ एवढेच लिहिले होते : अकरावा आठवडा, कायमचा पत्ता याच गावचा, तपासणी धुळे येथे.

कलाबाईंनी एकेक घर बोटांवर मोजले. अठरा वर्षे त्या या गावच्या आशाताई होत्या. तीन महिने भरेपर्यंत गोड बातमी दडवण्याची गावची रीत त्यांनीच गोडीगुलाबीने, प्रसंगी रागे भरून मोडून काढली होती.

“भाऊ, तुन्हं यंत्र खोटं बोलस,” त्या म्हणाल्या. “मन्हा गावमा एकबी बाई मन्हा रजिस्टरना बाहेर नही.”

कलाअक्कांना तर बाईच्या नवऱ्याच्याही आधी कळते, असे परिचारिका प्रमिलाबाई हसत म्हणाल्या. श्रेयांसला हसू आले नाही. त्या स्त्रीची अनुमती आल्याविना नाव उघडत नाही, मात्र आशाताईंच्या नावे विनंती धाडता येते, असे त्याने सांगितले. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. कलाबाईंनी ठसक्यात बटण दाबले.

चहा आला. चहा निवला. उत्तर मात्र आले नाही. अधिकाऱ्यांनी अहवाल पुढे ओढला आणि पेनाचे टोपण काढले. श्रेयांसने मान खाली घातली.

इतक्यात टॅबलेट वाजला. अनुमती मिळाली होती.

कलाबाईंनी नाव वाचले. चष्मा पुसून पुन्हा वाचले. या नावाचे कुणी गावात आहे काय, हे अधिकारी विचारतात तोच कलाबाईंचा फोन वाजला. पलीकडून, धुळ्याहून, कुणीतरी घाईघाईने क्षमा मागत होते. तीन महिने भरल्यावरच सांगायचे ठरवले होते. परंतु विनंतीवर तुमचेच नाव दिसले, मग नाही म्हणवले नाही. कलाबाई हसत होत्या आणि पदराने डोळे टिपत होत्या.

फोन ठेवून त्यांनी रजिस्टर जवळ घेतले. सावकाश, वळणदार अक्षरात सातवे नाव लिहिले व रजिस्टर अधिकाऱ्यांपुढे सरकवले.

“यंत्र खरं शे, साहेब,” त्या म्हणाल्या. “मन्हीच सून शे ती.”