अर्धं गाणं

गाव बघायला मुक्कामी येणाऱ्या पाहुण्यांसमोर धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी म्हातारी, लग्नाचं गाणं अर्धंच म्हणायची. सगळ्या वारल्यांनी मिळून तसं ठरवलेलं. गाणं पुरं झालं, तर भिंतीवर रंगवलेल्या चौकात देवी खरीच येते आणि लग्न लावल्याशिवाय जात नाही.

त्या दुपारी मात्र शहरातली मंडळी जिवाचे कान करून ऐकत होती आणि धवलेरीला थांबायचं भानच राहिलं नाही. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या बुधीने शेवटची ओळ ऐकली आणि तिचे हात थबकले. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

“देवी आली,” धवलेरी पुटपुटली. “आता लगीन लावायलाच पाहिजे. कुणाचं लावू?”

हळूहळू सगळ्यांच्या नजरा बुधीकडे वळल्या. शिडूबरोबर संसार करता करता तिला नातवंडं झाली होती, दोघांचं लग्न तेवढं राहून गेलं होतं. पाहुणे न सांगताच हात जोडून उभे राहिले.

शिडू पाण्याचा हंडा घेऊन दारात आला. “सगळे उभे का? कोण गेलं?”

भिंतीवरच्या देवीवरून नजर न काढता बुधीने पिठाच्या हातांनी पदर डोक्यावर घेतला.

“हंडा ठेव,” ती म्हणाली. “आपलं लगीन हाय.”